वर्षाच्या सहा चवी : सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अभ्यासिकेच्या प्रकल्प नोंदी

१४ डिसेंबर २०२४, शनिवार

विश्वस्तांनी आज होकार दिला. रविवारी संध्याकाळी सहा ते आठ अभ्यासिकेची मागची खोली आपल्याला मिळणार. चहाचा खर्च त्यांचा, बाकी सगळं माझ्याकडे.

काम असं : सरत्या वर्षाकडे शेजारीपाजारी मिळून नीट बघायचं आणि मग पुढच्या वर्षासाठी प्रत्येकाने एकच गोष्ट ठरवायची. बोलावणं फक्त स्पर्धा परीक्षेच्या मुलांना द्यायचं नाही. अशोक चौकाच्या पुढे आमच्या गल्लीत विडी वळणाऱ्या बायका आहेत, टॉवेल कारखान्यातले कामगार आहेत, रिक्षावाले आहेत, गिरण्या बंद झाल्यावर घरी बसलेले आजोबा आहेत. वर्ष त्यांचंही सरतं. पण त्याविषयी त्यांना कुणी काही विचारत नाही.

आत्मपरीक्षण म्हटलं की डायरी, टेबल, दिवा आणि बंद दार असं चित्र उभं राहतं. इथे एका खोलीत पाच-सहा माणसं राहतात. बंद दाराआड बसायला जागा कुणाकडेच नाही. काहींना लिहिता येत नाही. घरात तेलुगू, दुकानात मराठी, शेजारी कन्नड नाहीतर उर्दू. अशा ठिकाणी स्वतःकडे बघायची रीत कशी असेल, हे मला शोधायचं आहे. शोधल्यावर ती सापडेल, असं मनापासून वाटतं.

१८ डिसेंबर

दोन रात्री वाचन केलं. उपयोगाचं तेवढं टिपून ठेवते.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस यांनी १९८० च्या दशकात नववर्षाचा संकल्प केलेल्या २०० जणांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. आठवड्यानंतर ७७ टक्के लोक संकल्पावर टिकून होते, दोन वर्षांनंतर १९ टक्के. हे आकडे बहुतेक वेळा संकल्पांची हेटाळणी करायला वापरले जातात. मला ते तसे वाटत नाहीत. पाचातला जवळजवळ एक माणूस दोन वर्षांनीही आपल्या शब्दावर उभा असेल, तर त्याने काय केलं ते बघायला हवं.

दुसरं : हेंगचेन डाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांचा २०१४ चा अभ्यास. आठवड्याचा पहिला दिवस, महिन्याची पहिली तारीख, नवं वर्ष, वाढदिवस अशा टप्प्यांच्या लगेच नंतर लोक व्यायामशाळेत जास्त जातात, आहाराविषयी जास्त शोधाशोध करतात. अशा तारखेला माणूस आपल्या आधीच्या स्वतःपासून थोडा सुटा होतो आणि त्यातून त्याला बळ येतं, असं त्यांचं म्हणणं.

पटलं. पण इथेच मला एक धोकाही दिसतो. सुटं व्हायच्या घाईत जुनं वर्ष न बघताच टाकून दिलं जातं. ३१ तारखेच्या रात्री आपण नव्याची यादी करतो आणि जुन्यात काय झालं ते तसंच राहून जातं. म्हणून क्रम ठरवला : आधी मागे बघायचं, तेही सावकाश. ठरवायचं काम संक्रांतीनंतर.

२२ डिसेंबर, रविवार

पहिली बैठक. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांपासून सत्तरी ओलांडलेल्या आजोबांपर्यंत माणसं आली. प्रश्नपत्रिकेचा पहिला खर्डा वाचून दाखवला. वर्षातलं सगळ्यात मोठं यश कोणतं? कोणतं ध्येय अपुरं राहिलं? स्वतःत कोणता बदल हवा?

खोली गप्प झाली. मुलांनी खाली मान घालून भराभर लिहायला घेतलं. बाकीचे एकमेकांकडे बघत राहिले. विडी वळणाऱ्या अक्का शेवटी म्हणाल्या, "ताई, यश म्हंजे पास झालेल्यांचं असतंय की ओ. आमचं वर्ष कसं सांगायचं?"

रिक्षावाले दादा म्हणाले, "वर्ष कसं गेलं विचारलंत तर एकच उत्तर, गेलं."

खर्डा बाजूला ठेवला. उरलेला वेळ चहा आणि गप्पांत गेला, आणि त्या गप्पा त्या प्रश्नांपेक्षा कितीतरी भरलेल्या होत्या. कुणाच्या घरी पाणी किती दिवसांनी आलं, त्या दिवशी कामावर खाडा कसा झाला, लेकीची सोयरीक कुठे अडली. वर्ष त्यांच्याकडे होतंच, माझ्या प्रश्नांना ते दिसत नव्हतं.

एक गोष्ट मात्र फार चांगली निघाली. खोलीच्या मागे भिंतीला भिंत लागून यंत्रमाग आहेत. त्यांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचं बोलणं दोन हातांपलीकडे ऐकू जात नाही. जोडीने बसून मनातलं बोलायला याहून सोयीची जागा मला बांधूनही घेता आली नसती.

२७ डिसेंबर

अक्कांकडे जाऊन बसले. आजची नोंद लांब होणार.

परवा त्या म्हणाल्या होत्या, "मला काय आठवत नाही, सगळे दिवस सारखेच." मी विचारलं, घरात वर्षभराचं काही लिहिलेलं आहे का? वाणसामानाची वही, दवाखान्याचे कागद, काहीही. त्यांनी कामाचं पुस्तक काढलं. विडी कारखान्यातून किती पान, किती तंबाखू मिळाली आणि किती विड्या परत दिल्या, याची त्यात रोजची नोंद असते. त्यांना अक्षरं वाचता येत नाहीत, आकडे मात्र येतात. नातीने एकेक पान उलटत तारखा वाचल्या, अक्कांनी आकडे सांगितले आणि मी फक्त बसून राहिले.

जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला चार दिवस कोरे. "गड्डा," अक्का लगेच म्हणाल्या, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, आणि कोणत्या पाहुण्यांना घेऊन यात्रेत गेलो होतो, पाळण्यात बसताना कोण रडलं, ते सांगू लागल्या. एप्रिलमध्ये आठवडाभर आकडे अर्ध्यावर. पाहुण्यांकडचं लग्न. जुलैत दोन आठवडे जवळजवळ काहीच नाही. इथे त्या थांबल्या, मग हसल्या. सुनेचं बाळंतपण. नातू झाला. १९ ऑगस्टला, नारळी पौर्णिमेला, एक कोरा दिवस. मार्कंडेय महामुनींचा रथ. त्या दिवशी पूर्व भागात कुणाच्या घरात काम चालतंय!

ज्या बाईला वर्षातलं काही आठवत नव्हतं, ती पुस्तकातल्या कोऱ्या जागा वाचत होती. भरलेल्या रकान्यांत मजुरी होती आणि मोकळ्या रकान्यांत त्यांचं जगणं. मला हे आधी सुचलं नव्हतं, पुस्तक बघूनच कळलं.

मग नातीचं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. सप्टेंबरपासून आकडा हळूहळू उतरत होता. आधी दिवसाला सहाशे-सातशे, दिवाळीनंतर पाचशेच्या आत. अक्का म्हणाल्या, "वय झालं, हात चालत नाही." आम्ही दोघींनी ते तसंच मान्य केलं असतं. पण नात म्हणाली, "पण आज्जी, सप्टेंबरमध्ये काय बदललं?"

काही नाही, असं दोनदा म्हणून झाल्यावर अक्कांना आठवलं. बाळ घरात आल्यावर ओसरीवर दुपट्यांच्या दोऱ्या बांधल्या, पाळणा टांगला. त्या आधी दाराशी विड्या वळायचं सूप घेऊन बसायच्या, आता आतल्या कोपऱ्यात बसतात. तिथे उजेड नाही. विडीला दोरा बांधताना दिसत नाही, म्हणून हात मंदावतो. पुढे बोलता बोलता हेही निघालं की उजेडातसुद्धा डाव्या डोळ्याने धूसर दिसतं.

वय झालं हे उत्तर मिळालं की बोलणं संपतं. काय बदललं, या प्रश्नाला मात्र जागा, तारीख, पाळणा, उजेड, डोळा अशी धरता येण्यासारखी उत्तरं मिळाली. प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न येणार, कुठल्याही रूपात का होईना.

जाताना नातीला म्हटलं, रविवारी तूही ये.

२९ डिसेंबर, रविवार

प्रत्येकाला वर्षाचा एक पुरावा घेऊन यायला सांगितलं होतं. रिक्षावाल्या दादांनी गॅस भरल्याच्या पावत्यांची चळत आणली. एका मुलीने फोनमधले फोटो महिन्यांप्रमाणे लावून आणले. टॉवेल कारखान्यातल्या मामांनी पगाराच्या पावत्या आणल्या. दुसऱ्या एका काकूंनी बचत गटाची वही आणली, त्यात कोणत्या महिन्यात कर्ज उचललं ते होतं. आजोबांकडे काहीच नव्हतं. ते म्हणाले, गिरणी होती तोवर भोंग्यावर दिवस चालायचा, आता दिवसाला खूणच राहिली नाही. मी त्यांना म्हटलं, तुम्ही ऐकणारे व्हा. ते झाले आणि या प्रकल्पातलं सगळ्यात अवघड काम त्यांनी केलं, त्याविषयी खाली.

प्रश्नांचा गुंता अक्कांनी सोडवला. त्या म्हणाल्या, "उगादीला आम्ही पच्चडी करतो. सहा चवी असतात. वर्षात सगळंच येणार म्हणून पहिल्या दिवशी सगळंच खायचं. तसंच विचारा की, वर्षात गोड काय, कडू काय."

एकदम शांतता, आणि मग सगळे एकाच वेळी बोलू लागले. पाडव्याला कडुलिंब आणि गूळ मराठी घरातही खातात, त्यामुळे कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. पच्चडीत गूळ, कडुलिंबाची फुलं, चिंच, मीठ, मिरची आणि कैरी. गोड, कडू, आंबट, खारट, तिखट आणि तुरट. तिथेच फळ्यावर सहा रकाने आखले.

आंबट म्हणजे काय यावर बराच वाद झाला. मामा म्हणाले, नासलं ते आंबट. काकूंना ते पटलं नाही. चिंच नासलेली नसते, ती तोंड वाकडं करायला लावते आणि तरी आमटीला लागतेच. म्हणजे जे नातं किंवा जे काम कुरकुरत का होईना आपण सांभाळलं, ते आंबट. सर्वांना पटलं. तिखट म्हणजे राग कुठे आला. मीठ म्हणजे जे दिसत नाही, पण नसतं तर वर्ष बेचव झालं असतं. तुरट सगळ्यात शेवटी ठरलं : कैरी अजून पिकायची आहे, तसं जे सुरू केलंय पण अजून पक्व झालेलं नाही.

जोड्या करून बोलायला बसवलं. एकाने दहा मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही. हे फार जड जातं. कुणी दुःख सांगितलं की आपल्या तोंडून लगेच निघतं, "अहो, चालायचंच." आजोबांनी ते शब्द गिळून कसं ऐकायचं ते सगळ्यांसमोर करून दाखवलं. रिक्षावाले दादा त्यांच्यासमोर बसले आणि आपल्या भावाशी झालेल्या वाटणीच्या भांडणाबद्दल बोलले. आजोबा फक्त एवढंच म्हणत होते, "बरं, मग?" दादांनी जे सांगितलं ते इथे लिहायचं नाही, तसं आमचं ठरलं आहे.

लिहिण्याचा नियम आज सुटला. ज्याला लिहायचंय त्याने लिहावं, ज्याला बोलायचंय त्याने बोलावं. अक्कांचं बोलणं नात तेलुगूतूनच वहीत उतरवते आहे.

३० डिसेंबर

आज येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. ज्यांची गावाकडे शेती आहे ते सगळे ज्वारीच्या रानात जेवायला गेले. अभ्यासिका अर्धी रिकामी. प्रश्नपत्रिका टाइप करून घेतली.

१ जानेवारी २०२५, बुधवार

अंतिम कागद तयार. एका बाजूला सहा चवी, मोठ्या अक्षरात. प्रत्येक चवीखाली एकच प्रश्न :

गोड : मन भरून आलं असा दिवस कोणता? तो लहान असला तरी चालेल.
कडू : काय दुखलं? ते टाळता येण्यासारखं होतं का?
आंबट : कुरकुरत का होईना, काय सांभाळलं?
तिखट : राग कुणावर, कुठे, किती वाजता आला?
मीठ : कोण किंवा काय नसतं तर वर्ष निभलं नसतं?
तुरट : काय सुरू केलंय, जे अजून पिकायचंय?

तिखटाखाली "किती वाजता" हे शब्द मुद्दाम घातले. वेळ आठवायला गेलं की माणूस प्रसंगाकडे बघतो, स्वभावाला बोल लावत बसत नाही.

कागदाच्या मागच्या बाजूला एकच ओळ : तेव्हा काय बदललं होतं?

मीही माझा कागद भरला. कडूच्या रकान्यात वडील. त्यांना जाऊन आता पाच महिने होतील. मिठाच्या रकान्यात बराच वेळ काही लिहिलं नाही, मग लिहिलं : सकाळी सात ते आठ, अभ्यासिका उघडल्यावर मुलं यायच्या आधीचा तास. वडिलांच्या आजारपणात, ते गेल्यावरही, मी रोज तो तास बाकं पुसत, वर्तमानपत्रं लावत काढला. त्यानेच मला धरून ठेवलं, हे चवीच्या नावाने विचारेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

५ जानेवारी, रविवार

एका मुलाविषयी. राज्यसेवेची पूर्व परीक्षा त्याने १ डिसेंबरला दिली आणि उत्तरतालिकेशी ताडून बघितल्यापासून तो हसलेला नाही. त्याच्या वहीत पानंच्या पानं लिहिलेली होती आणि प्रत्येक पानाची सुरुवात "मी असा का आहे" अशी. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, किती प्रामाणिक आत्मपरीक्षण.

मला ते बघून काळजी वाटली. सुसान नोलन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आपलं बरंचसं संशोधन या विषयाला दिलं : एकच दुःख मनात पुन्हा पुन्हा घोळवत राहिलं की उदासी वाढते, लांबते आणि प्रश्न सोडवण्याची ताकद कमी होते. स्वतःकडे बघणं आणि स्वतःला कुरतडणं या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. पहिल्यात काहीतरी नवीन कळतं, दुसऱ्यात रोज तेच पान लिहिलं जातं. मला वाटतं, नवीन वर्षाच्या नावाने जे लिहायला लोकांना सांगितलं जातं त्यात हा फरक फार ठळकपणे सांगायला हवा, नाहीतर हळव्या मुलांना आपण त्रासाचंच साधन हातात देतो.

त्याला म्हटलं, वही ठेव, पेपर काढ. सामान्य अध्ययनाचे १०० प्रश्न, दोन तास. घड्याळ लावून पुन्हा सोडव आणि प्रत्येक प्रश्नाला किती वेळ गेला ते लिही. "का" हा शब्द दोन तास वापरायचा नाही.

त्यातून निघालं असं : अर्थशास्त्राच्या प्रश्नांवर तो अडून बसतो, आणि शेवटचा टप्पा घाईत अंदाजाने उरकतो. ज्या विषयांत त्याचा हात बसलेला आहे त्यांचेच गुण घाईत जातात. हे कळल्यावर त्याचा चेहरा लगेच उजळला वगैरे काही झालं नाही. पण त्याने पुढच्या सराव पेपरला क्रम बदलून बघायचं ठरवलं. झोप लागत नाही, जेवण जात नाही, असंही तो हळू आवाजात म्हणाला. त्याला टेलि-मानसचा नंबर दिला, १४४१६. केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. तो नंबर आजपासून कागदाच्या मागे छापलेला असेल. चवींचा कागद हा काही उपचार नाही. जिथे उपचार लागतो तिथे माणसाला पोहोचवणं एवढंच आपण करू शकतो, आणि तेवढं करायलाच हवं.

१२ जानेवारी, रविवार

बैठक नाही. आज हुतात्मा दिन. सोलापूरचे स्वातंत्र्यसैनिक मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. सकाळी मुलांना घेऊन चार पुतळ्यांना वंदन करून आले.

१७ जानेवारी

सिद्धेश्वराच्या यात्रेचा आठवडा. तैलाभिषेक, अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम. या दिवसांत सोलापुरात कुणाला दुसरं काही विचारू नये. आमच्यातला एक मुलगा नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्या, पेलणाऱ्यांच्या गटात आहे. अक्षतेच्या दिवशी पांढऱ्या बाराबंदीत, म्हणजे बंद बांधायच्या जुन्या अंगरख्यात, त्याला अक्षता सोहळ्याच्या संमती कट्ट्याजवळ बघितलं, गर्दीतून हात केला.

१९ जानेवारी, रविवार

आज ठरवण्याची बैठक. मागे बघायला जवळजवळ महिना दिला, ते बरं झालं. कुणीही "वजन कमी करणार", "लवकर उठणार" असलं काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं नाही. जे सांगितलं ते त्यांच्या कागदावरून निघालेलं होतं.

अट दोनच. एक : गोष्ट एकच असावी. दोन : ती "जेव्हा अमुक होईल, तेव्हा मी तमुक करीन" अशा वाक्यात बसली पाहिजे. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकापासून या पद्धतीवर काम केलं आहे. नुसतं "मी करीन" म्हणणाऱ्यांपेक्षा वेळ, जागा आणि कृती आधी जोडून ठेवणाऱ्यांच्या हातून ठरवलेलं जास्त वेळा पार पडतं. कारण समजायला सोपं आहे : ऐन वेळी विचार करायला लागत नाही, प्रसंग आला की तोच आठवण करून देतो.

अक्का : "सकाळी दुपटी दोरीवर घातली की मी सूप घेऊन दाराशी बसणार." पाळणा आतल्या तुळईला टांगायचं घरच्यांनी मान्य केलं. डोळ्यांच्या तपासणीला मंगळवारी नात घेऊन जाणार.

रिक्षावाले दादा : "सात रस्ता चौकात मागून हॉर्न वाजला की मी आधी हँडलवरची मूठ सैल करणार." त्यांच्या तिखटाच्या रकान्यात संध्याकाळी सहा ते सात हीच वेळ पुन्हा पुन्हा आली होती.

मामा : पगार झाला की घरी जायच्या आधी बायकोला फोन करणार. यामागचं कारण त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

काकूंनी काही ठरवलं नाही. त्यांचं म्हणणं, त्यांच्या कागदावरचं सगळं दुसऱ्यांच्या हातात आहे, कर्ज, नवऱ्याची नोकरी, भाडं. त्यावर कुणीतरी "प्रयत्न केला की होतं" म्हणायला गेलं, आजोबांनी हात वर करून थांबवलं. ते बरोबर होतं. माणसाच्या प्रत्येक कडू गोष्टीचं मूळ त्याच्या सवयीत नसतं. महागाई आणि बंद पडलेला कारखाना ही काही स्वभावातली उणीव नव्हे, आणि आत्मपरीक्षणाच्या नावाखाली ते ओझं कुणाच्या डोक्यावर देऊ नये. काकूंच्या कागदावर ठरावाची जागा कोरी ठेवली.

किती दिवसांत सवय लागते, असं मुलांनी विचारलं. एकवीस दिवस असं त्यांनी ऐकलेलं. फिलिपा लॅली आणि लंडनमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे बघितलं. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ पुरले तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. हे शेवटचं वाक्य मी फळ्यावर लिहिलं आणि पुसलं नाही.

नातीने बोटं मोजून विचारलं, मग आपण उगादीलाच बघू या ना? आजपासून ३० मार्चपर्यंत ७० दिवस होतात. सरासरीच्या थोडं पुढे. ठरलं.

९ फेब्रुवारी, रविवार

मधली भेट, थोडेच आले. दादांची मूठ सैल होते, पण राग आता घरी पोहोचल्यावर येतो म्हणाले. वाक्य बदलून घेतलं : रिक्षा लावली की आत जायच्या आधी ओट्यावर पाच मिनिटं बसायचं. अक्कांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. मामा आले नाहीत.

३० मार्च, रविवार

पाडवा आणि उगादी. सकाळी अक्कांकडे पच्चडी खाल्ली. कैरीचे तुकडे जरा मोठे होते, त्यामुळे तुरट-आंबट चव सगळ्यांत वर आली. दाराशी अक्कांचं सूप होतं. उद्या ईद, त्यामुळे बैठक शुक्रवारवर नेली.

४ एप्रिल, शुक्रवार

आता जमा-खर्च.

अक्कांच्या पुस्तकात फेब्रुवारीपासून आकडा पुन्हा सहाशेच्या आसपास आला आहे. डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी लग्नसराई संपेपर्यंत पुढे ढकललं. नात रागावली आहे, मलाही ते आवडलं नाही. पण निर्णय त्यांचा आणि कारणं त्यांनी नीट सांगितली. घरातलं लग्न, हातात पैसा नाही, सुट्टीही नाही.

दादांचं ओट्यावरचं बसणं टिकलं. त्यांच्या बायकोने येऊन सांगितलं, त्यांनी स्वतः नाही.

मुलाने सराव पेपरात क्रम बदलला, शेवटची घाई थांबली. गुण थोडे वाढले. झोप सुधारली आहे. १४४१६ ला फोन केला होता का ते मी विचारलं नाही, त्याने आपणहून सांगितलं की केला होता.

मामा परत आले. पगाराच्या दिवशीचा फोन दोनदा झाला, एकदा नाही. पुढे चालू ठेवणार.

काकूंची कोरी जागा अजून कोरीच आहे. पण त्या प्रत्येक बैठकीला आल्या आणि आज त्यांनी पहिल्यांदा मिठाचा रकाना मोठ्याने वाचला : "रविवारची ही खोली." मला त्यापुढे काही बोलता आलं नाही. आजोबा म्हणाले, "बरं, मग?" आणि काकू बोलू लागल्या, पुढची वीस मिनिटं.

माझं : मी ठरवलं होतं की सकाळचा तो तास कुणालाही द्यायचा नाही, फोनलासुद्धा नाही. तो राहिला. त्याच तासात आता वडिलांच्या जुन्या पत्रांची पेटी उघडली आहे, आठवड्यातून एक पत्र वाचते.

पुढचं काम. कागद तेलुगूत नातच लिहिणार आहे, कन्नडसाठी माणूस शोधायचा आहे, उर्दूसाठी मामांच्या शेजाऱ्यांनी होकार दिला. तुरटाखालचा प्रश्न अजून नीट बसलेला नाही, बऱ्याच जणांनी तिथे अपुरी राहिलेली कामं लिहिली. तो बदलायला हवा. पुढची बैठक नारळी पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी, कारण रथाच्या दिवसांत कुणी येणार नाही. खोलीसाठी विश्वस्तांना अर्ज सोमवारी द्यायचा. सहीसाठी आजोबा सोबत येतो म्हणाले आहेत.